मकाऊ ग्रां प्री: सत्तर वर्षं, एक टेकडी आणि तेच रस्ते

चौथा_गिअर (धागाकर्ता)

रस्त्यावरच्या मोटर शर्यतींचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा मोनॅकोपासून सुरू होतात आणि मोनॅकोपाशीच संपतात. मोनॅकोचा मान मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भिंतींच्या मधून गाडी हाकण्याची खरी कसोटी कुठे लागते असं कुणी विचारलं, तर मी मकाऊचं नाव घेईन. मराठीत या शर्यतीबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

मकाऊ म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, हाँगकाँगच्या पश्चिमेचं चिमुकलं शहर. १९९९ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. शर्यतीची सुरुवात अगदी घरगुती. १९५४ साली गावातल्या काही गाडीवेड्या मंडळींनी (फर्नांडो द मासेदो पिंटो आणि कार्लोस दा सिल्वा ही त्यातली पुढाकार घेणारी माणसं) मोटारींतून ‘खजिना शोध’ खेळायचा बेत आखला. गावभर फिरायचं, खुणा शोधायच्या, इतकंच. सल्ला हवा म्हणून त्यांनी हाँगकाँगच्या मोटर स्पोर्ट्स क्लबचे पॉल दु तोआ यांना गाठलं. रस्ते बघून त्यांचं मत पडलं की इथे खजिना कसला शोधता, इथे रीतसर ग्रां प्री भरवता येईल. आणि खरोखरच त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पहिली मकाऊ ग्रां प्री झाली! चारेक तास चाललेली ती शर्यत एदुआर्दो द कार्व्हालो याने ट्रायम्फ टीआर-२ मधून जिंकली.

तेव्हा सगळे हौशी. आठवडाभर ज्या गाडीतून कामावर जायचं, तीच शर्यतीला आणायची. पुढच्या विजेत्यांच्या गाड्या बघा: १९५५ ला ऑस्टिन-हीली, १९५६ ला मर्सिडीज १९०एसएल, १९५७ ला मर्सिडीज ३००एसएल, १९५८ ला सिंगापूरच्या चॅन लाय चूनची ॲस्टन मार्टिन, मग दोन वर्षं जॅग्वार एक्सकेएसएस. चार-पाच वर्षांत फिरायच्या गाड्यांकडून थेट ल मॉंच्या (फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीच्या) वंशातल्या गाड्यांपर्यंत मजल गेली. साठच्या दशकात लोटसच्या एकासनी गाड्या आल्या आणि हौशी माणसाचे दिवस सरले.

आता रस्त्याबद्दल, कारण जीव तिथेच अडकलाय. गिया सर्किट म्हणतात त्याला, गावातल्या गिया टेकडीवरून. लांबी ६.१२ किलोमीटर, म्हणजे मोनॅकोच्या जवळपास दुप्पट. अर्धा रस्ता सपाट, रुंद आणि भन्नाट वेगाचा. उरलेला अर्धा टेकडीवर चढणारा-उतरणारा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे किंवा दगडी भिंती. काही ठिकाणी रुंदी जेमतेम सात मीटर. सर्वात वरच्या आणि खालच्या टोकात तीस मीटरहून जास्त फरक.

सुरुवातीच्या रेषेपासून निघालं की जलाशयाच्या कडेने रिझर्व्हॉयर वळण, मग मँडरिन. मँडरिन हे उजवं वळण फॉर्म्युला ३ ची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरची) एकासनी गाडी पाय न उचलता घेते. पाय जरा जरी उचलला, तरी पुढच्या सरळ पट्टीवर मागचा माणूस शेजारी येऊन उभा. त्या पट्टीच्या टोकाला लिस्बोआ: जुन्या लिस्बोआ हॉटेलसमोरचं काटकोनी उजवं वळण. पावणेतीनशेच्या घरातला वेग तिथे तिसऱ्या हिश्श्यावर आणायचा, आणि समोर मोकळं मैदान नाही, कठडा आहे. तिथून सान फ्रान्सिस्कोचा चढ, मॅटर्निटी, सॉलिट्यूड, फारअवे, मूरिश, दोना मारिया अशी एकाला एक लागून वळणं. चढावरच्या कितीतरी वळणांवर बाहेर पडायची वाट आत शिरताना दिसतच नाही. कुठे काय आहे ते पाठ असावं लागतं.

आणि मग मेल्को हेअरपिन. इथे रस्ता स्वतःभोवतीच वळतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी जेमतेम बसते, म्हणून संघ मकाऊसाठी स्टिअरिंग जास्त वळेल अशी सोय करून आणतात. शर्यतभर तिथे पिवळे झेंडे कायम फडकत असतात, म्हणजे ओव्हरटेक करायला बंदीच. पहिल्या लॅपला सगळा ताफा तिथे येतो तेव्हा गाड्या अक्षरशः एकेरी रांगेत, चालत्या माणसापेक्षा थोड्याच जास्त वेगाने वळसा घेतात. मिनिटभरापूर्वी याच गाड्या लिस्बोआवर पावणेतीनशेला होत्या, हे बघताना पटत नाही.

समुद्राकडची बाजू वर्षांनुवर्षं भराव पडून खूप बदलली. पण टेकडीवरचा भाग जवळपास १९५४ सारखाच आहे. टीआर-२ जिथून गेली तिथूनच आजच्या गाड्या जातात. हा रस्ता शर्यतीसाठी कुणी आखलेला नाही. म्हणूनच तो कुणाला सोपा पडत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाकीचं, म्हणजे पुढे फॉर्म्युला वन गाजवलेले आयर्टन सेना, मिशाएल शूमाकर वगैरे, प्रतिसादांत लिहितो. आधीच लांबलंय.

---

रवळनाथ_७७

जबरदस्त! मेल्कोचं वर्णन वाचून लगेच ऑनबोर्ड व्हिडिओ लावून बघितला. सेना आणि शूमाकरचं लवकर येऊ द्या, वाचतोय.

---

नटबोल्ट

उत्तम धागा. मी वाहन उद्योगात सस्पेन्शनवर काम करतो, त्या अंगाने थोडी भर.

मकाऊचं खरं दुखणं असं की तिथे गाडी दोन वेगवेगळ्या सर्किटांसाठी जुळवावी लागते. शेवटच्या आर वळणापासून लिस्बोआपर्यंत पाय खाली दाबलेलाच असतो, दीड किलोमीटरहून जास्त अंतर. त्यासाठी विंग (हवेच्या दाबाने गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पंख) जितकी सपाट तितकी बरी. पण टेकडीवर विंगचा दाब नसेल तर गाडी कठड्याकडे सरकते. मग संघ काय निवडणार? बहुतेक जण विंग कमी ठेवतात आणि टेकडीवरची उणीव चालकाने हाताने भरून काढायची. म्हणून मकाऊत गाडीपेक्षा माणूस दिसतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. इतका वेळ ब्रेकला हात न लावल्यामुळे डिस्क थंड होतात आणि लगेच लिस्बोआवर त्यांच्याकडून सगळ्यात जास्त काम मागितलं जातं. पहिल्या लॅपला तर टायरही गार. लिस्बोआवर पहिल्याच लॅपला ठोकलेल्या गाड्यांचे इतके ढीग का लागतात त्याचं हे मोठं कारण.

तिसरं, मागच्या गाडीला मिळणारी हवेची ओढ. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणारी पुढची गाडी) आत गेली की पहिल्या नंबरवर असलेला चालक सगळ्यात धोक्यात. लिस्बोआपर्यंत दोघं-तिघं त्याच्या शेजारी येतात.

---

चौथा_गिअर

नटबोल्ट, फार छान समजावलंत. ब्रेकचा मुद्दा तर धाग्यात वर जायला हवा.

रवळनाथ, घ्या.

आधी टेडी यिप यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जन्म सुमात्रातला, बस्तान हाँगकाँग-मकाऊत, व्यवसाय कॅसिनो, हॉटेलं वगैरे, आणि वेड शर्यतींचं. स्वतःही मकाऊत गाडी चालवायचे. थिओडोर रेसिंग हा त्यांचा संघ पुढे फॉर्म्युला वनमध्येही उतरला. सत्तरच्या दशकात युरोप-ऑस्ट्रेलियातले चांगले चालक मकाऊला येऊ लागले त्यात त्यांचा मोठा वाटा. १९७७ आणि १९७८ ला रिकार्डो पात्रेसे जिंकला, १९७९ आणि १९८० ला जेफ लीस.

मग १९८३. आयोजकांनी मुख्य शर्यत फॉर्म्युला ३ च्या गाड्यांसाठी केली. हा निर्णय म्हणजे मकाऊच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सांधाबदल. जगभरच्या फॉर्म्युला ३ मालिका हंगामभर आपापल्या देशात चालायच्या. ब्रिटनचा विजेता, जर्मनीचा विजेता, जपानचा विजेता एकमेकांसमोर येतच नसत. नोव्हेंबरात हंगाम संपला की सगळे मकाऊत. पहिल्याच वर्षी ब्रिटिश विजेता आयर्टन सेना थिओडोरच्या रंगात राल्ट-टोयोटा घेऊन आला. तेव्हा शर्यत दोन भागांत व्हायची आणि वेळांची बेरीज धरायची. सेनाने दोन्ही भाग जिंकले. दुसरा रोबेर्तो गुरेरो, तिसरा गेरहार्ड बर्गर. पुढच्या मार्चला सेना फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर होता.

आणि १९९०. ब्रिटिश विजेता मिका हाक्किनेन, जर्मन विजेता मिशाएल शूमाकर. पहिला भाग हाक्किनेनने तीनेक सेकंदांनी जिंकला. म्हणजे दुसऱ्या भागात शूमाकर पुढे असला तरी चालेल, फक्त त्याच्या मागे चिकटून राहायचं, बेरजेत विजय हाक्किनेनचा. आणि तो तसा राहिलाही, थेट शेवटच्या लॅपपर्यंत. शूमाकर पुढे, हा शेपटीला. मँडरिनच्या अलीकडे हाक्किनेनला फट दिसली. जायची गरज नव्हती. तो उजवीकडे निघाला, शूमाकर त्याच बाजूला सरकला, हाक्किनेनचं पुढचं चाक त्याच्या मागच्या बाजूला लागलं आणि हाक्किनेनची गाडी कठड्यात. शूमाकरची मागची विंग उडाली. विंगेशिवाय त्याने उरलेली टेकडी चढून-उतरून शर्यत जिंकली. गाडीतून उतरून हातमोजे फेकणारा हाक्किनेन ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढच्या दशकातलं दोघांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही.

---

रवळनाथ_७७

अंगावर काटा आला. २००० च्या स्पाला हाक्किनेनने शूमाकरला ओव्हरटेक केलं, ते आठवलं. तिथे मध्ये रिकार्डो झोंटाची गाडी होती आणि हाक्किनेन तिच्या दुसऱ्या बाजूने गेला.

---

म्हापसेकर

चौथा गिअर, धाग्याबद्दल मनापासून आभार. गोंयकार म्हणून थोडी भर घालतो.

मकाऊ आणि गोवा यांचं नातं फक्त ‘दोन्हीकडे पोर्तुगीज होते’ एवढं नाही. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्यातून चाले. पोर्तुगालच्या ‘एस्तादु द इंडिया’चाच तो भाग. पुढे १८७४ मध्ये मकाऊच्या पोलिसांना कुमक म्हणून गोव्याहून एक हिंदी पलटण गेली. तिच्यासाठी बांधलेली मूरिश बराक नावाची इमारत बारा टेकडीच्या उतारावर अजून उभी आहे, पिवळी-पांढरी, कमानीदार व्हरांड्याची. जागतिक वारशाच्या यादीत २००५ पासून आहे. ही इमारत शर्यतीच्या रस्त्यावर नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण कुणी गेलंच तर चुकवू नये.

शर्यतीच्या टेकडीवर मात्र आपल्या बाजूची एक जागा आहे. गिया टेकडीच्याच उतारावर पारशी दफनभूमी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून चीनच्या व्यापाराला गेलेले पारशी तिथे विसावलेत. जवळच्या रस्त्याचं नावही पारश्यांवरूनच पडलंय. आणि टेकडीच्या माथ्यावर १८६५ चा दीपस्तंभ, चीनच्या किनाऱ्यावरचा पाश्चात्त्य धाटणीचा पहिला.

रस्त्यांची नावं वाचताना मला तर आमच्या पणजीतच फिरतोय असं वाटतं: दोना मारिया, सान फ्रान्सिस्को...

---

अनुजा_कु

म्हापसेकर, पारशी दफनभूमीचं माहीत नव्हतं, फार छान.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं हाँगकाँगला होते. मला शर्यतींतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नोव्हेंबरात एकदा फेरीने मकाऊला गेलो आणि मग ती सवयच झाली. टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे आवाज. बंदिस्त रस्ता, दोन्हीकडे इमारती. गाडी दिसायच्या आधी आवाज इमारतींवर आपटत आपटत येतो आणि नेमकी कुठून येतेय ते कळत नाही. गाडी समोरून गेली की पायाखालची लाकडी फळी थरथरते.

दुसरी म्हणजे गावाचं वागणं. पहाटे रस्ते बंद, दिवसभर शर्यती, आणि संध्याकाळी तेच रस्ते पुन्हा खुले. त्याच कठड्यांच्या मधून सिटी बस, स्कूटर, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. एका संध्याकाळी आम्ही बसने लिस्बोआवरून वळलो. कठड्यावर दुपारचा ताजा ओरखडा, निळा रंग घासलेला, आणि बसमधली शाळेची मुलं खिडकीतून हात काढून ‘इथे इथे’ करून एकमेकांना दाखवत होती. काळजीने ड्रायव्हर ओरडला तेव्हा हात आत गेले.

तिसरी म्हणजे क्रेन. गाडी ठोकली की ओढून न्यायला जागाच नसते, म्हणून कठड्यामागे क्रेन तयार असते. पट्टे अडकवले की गाडी सरळ हवेत. मार्शल स्थानिक लोक असतात आणि इतक्या सफाईने करतात की बघत राहावं.

---

चौथा_गिअर

अनुजाताई, हे वाचायलाच मी धागा काढला होता. स्कूटर आणि शर्यतीची गाडी एकाच दिवशी एकाच रस्त्यावर, हेच मकाऊचं वैशिष्ट्य.

---

सावली

सगळं वाचलं आणि आवडलं. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. या रस्त्यावर माणसं गेली आहेत. धाग्यात त्याचा उल्लेख अजून आलेला नाही. दोनशे सत्तरच्या वेगाने येणाऱ्या गाडीपुढे कठडा ठेवणं आणि त्याला परंपरा म्हणणं, हे मला पटत नाही. १९५४ ला ठीक होतं. आज का?

---

चौथा_गिअर

सावली, प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल द्यायची नाही.

१९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोनदा ग्रां प्री जिंकणारा पहिला चालक फिलिपिन्सचा आर्सेनियो ‘डोजी’ लॉरेल. १९६७ च्या शर्यतीत त्याची लोटस भिंतीवर आदळून पेटली आणि तो गेला. या शर्यतीतला तो पहिला मृत्यू. २०१२ ला एकाच आठवड्यात दोघं गेले: मोटरसायकलवरचा पोर्तुगीज लुईश कारेरा आणि टूरिंग कारमधला (रोजच्या मोटारींवर बेतलेल्या शर्यतीच्या गाडीतला) हाँगकाँगचा फिलिप याउ. २०१७ ला मोटरसायकल शर्यतीत डॅनिएल हेगर्टी.

आणि २०१८ चा सोफिया फ्लोर्शचा अपघात. सतरा वर्षांची जर्मन मुलगी. लिस्बोआच्या आधीच्या सरळ पट्टीवर तिची गाडी पुढे वेग कमी केलेल्या मुंबईच्या जेहान दारूवालाच्या गाडीला लागली, चाक तुटलं, ब्रेकचा उपयोग उरला नाही. ती मागचं तोंड पुढे अशी, ताशी २७६ किलोमीटरच्या वेगाने लिस्बोआवर आली, कर्बवरून उडाली, शो त्सुबोई या जपानी चालकाच्या गाडीवरून पलीकडे जाळी तोडून छायाचित्रकारांच्या मचाणावर आदळली. मणक्याला फ्रॅक्चर. मार्शल आणि छायाचित्रकारही जखमी झाले. कुणी दगावलं नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा मकाऊत शर्यतीला उतरली.

माझं मत विचाराल तर शर्यत असावी, पण रस्त्याला झेपेल त्याच गाडीने. आणि आयोजकांनी काही अंशी तेच केलंय. २०१९ आणि २०२३ ला नवी, अवजड आणि जास्त वेगवान फॉर्म्युला ३ गाडी आली होती. २०२४ पासून मुख्य शर्यत फॉर्म्युला रीजनलच्या, तुलनेने हळू गाड्यांवर होते. काही चाहते नाराज झाले. मला तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. या टेकडीवर शर्यतीची मजा वेगाच्या आकड्यात कधीच नव्हती.

---

सावली

उत्तराबद्दल आभार. गाड्यांचं पटलं. मोटरसायकलचं मात्र नाही. गाडीभोवती निदान पिंजरा असतो. मोटरसायकलवाल्याला कठड्यासमोर काय आहे?

---

किकस्टार्ट

मी मोटरसायकलवाला, म्हणून बोलतो. सावली, तुमची काळजी खरी आहे. मकाऊत मोटरसायकलची शर्यत १९६७ ला सुरू झाली, पहिली यामाहावर हिरोशी हासेगावाने जिंकली. ब्रिटनचा मायकेल रटर नऊ वेळा जिंकलाय, १९९८ पासून २०१९ पर्यंतच्या काळात. तिथे जाणारे बहुतेक जण आयल ऑफ मॅन, नॉर्थ वेस्ट २०० अशा रस्त्यांवरच्या शर्यतींत मुरलेले असतात. कोवळी पोरं तिथे पाठवत नाहीत. ही माणसं शंभर टक्के नाही तर नव्वद टक्के जोर लावून चालवतात, दहा टक्के कठड्यासाठी राखून ठेवतात. तरी धोका आहेच आणि तो त्यांनी स्वतः पत्करलेला असतो. मला तो हक्क त्यांच्याकडून काढून घ्यावासा वाटत नाही.

जॉन मॅकडोनल्डचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून घेतो. हाँगकाँगचा हा माणूस मुख्य ग्रां प्री चार वेळा जिंकला, १९६९ ला मोटरसायकल ग्रां प्री जिंकला आणि १९७२ ला टूरिंग कारची पहिली गिया रेस मिनी कूपरमधून जिंकला. तिन्ही जिंकणारा तो एकटाच. दुचाकी, एकासनी, मिनी, सगळं त्याच टेकडीवर. माझ्या लेखी मकाऊचा राजा सेना नव्हे, मॅकडोनल्ड.

---

सावली

हक्काचं मान्य. माझा आक्षेप आयोजकांना आहे, चालकांना नाही. इथे आपलं एकमत होणार नाही, पण मॅकडोनल्डबद्दल वाचून फार आवडलं.

---

पुणेरी_पिस्टन

आपल्या भारतीयांपैकी कोण कोण गेलं होतं तिथे? आणि मकाऊ जिंकलं की फॉर्म्युला वनचं दार उघडतं हे कितपत खरं?

---

चौथा_गिअर

पिस्टन, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सेना, शूमाकर, कूल्टहार्ड (१९९१), राल्फ शूमाकर (१९९५), ताकुमा सातो (२००१), लुकास दी ग्रासी (२००५) हे जिंकले आणि फॉर्म्युला वनला पोचले. पण एदोआर्दो मोर्तारा २००९ आणि २०१० असा लागोपाठ दोनदा जिंकला, फीलिक्स रोझेनक्विस्त २०१४ आणि २०१५, डॅन टिक्टम २०१७ आणि २०१८. तिघांपैकी एकालाही फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीत बसता आलं नाही. उलट हॅमिल्टन आणि फेटेल इथे मुख्य शर्यत न जिंकताच पुढे गेले. हॅमिल्टनने २००४ ला पात्रता शर्यत जिंकली आणि मुख्य शर्यतीत ठोकली. फेटेल २००५ ला तिसरा, त्याच्या पुढे कुबित्सा. तेव्हा दार उघडतं पैशाने, वेळेने आणि नशिबाने. मकाऊ फक्त एवढं सांगतं की हा माणूस चालवू शकतो.

टिक्टमचा २०१७ चा विजय तर बघाच. शेवटच्या वळणावर पहिल्या जागेसाठी झुंजणारे सेर्जिओ सेत्ते कामारा आणि फर्डिनांड हाब्सबुर्ग दोघंही कठड्यात गेले आणि तिसरा टिक्टम मधून निघून जिंकला.

भारतीयांमध्ये नारायण कार्तिकेयनने २००० ला पोल पोझिशन (सुरुवातीच्या रेषेवरची पहिली जागा) मिळवली होती. या टेकडीवर पोल! त्या वर्षी शर्यत जिंकली मकाऊतच वाढलेल्या आंद्रे कूटोने, आणि गावाने ती डोक्यावर घेतली. जेहान दारूवाला फॉर्म्युला ३ च्या काळात कार्लिन संघाकडून तिथे गेला.

---

हैदराबादी_मराठी

इथे एक धागा आमच्या गावापर्यंत येतो. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची शर्यत) झाली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. जाँ-एरिक व्हेर्न जिंकला, दुसरा निक कॅसिडी, आणि तिसरा अँतोनियो फेलिक्स दा कोस्ता. हाच दा कोस्ता २०१२ आणि २०१६ चा मकाऊ विजेता! दी ग्रासी आणि मोर्तारा हेही फॉर्म्युला ईतच. दी ग्रासी आणि दा कोस्ता दोघं तर तिथले अजिंक्यवीरही झाले. भिंतींमधून गाडी काढायचं शिक्षण मकाऊत झालेली माणसं बॅटरीच्या गाड्यांत कामाला आली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण हैदराबादला एकदाच झाली. पुढच्या वर्षीची रद्द. राज्यात सरकार बदललं, करार मोडला, विषय संपला. चेन्नईला २०२४ च्या ऑगस्टअखेर आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, तीही कोर्टकचेऱ्यांतून वाट काढत. मकाऊ सत्तर वर्षं चालवतं, आपल्याकडे दुसरं वर्ष उजाडत नाही. का?

---

चौथा_गिअर

हैदराबादी, दा कोस्ताचा दुवा फारच सुंदर.

‘का’ला माझं उत्तर असं. मकाऊची शर्यत वरून आणून बसवलेली नाही, ती गावातल्या माणसांनी सुरू केली. १९९९ ला सत्ता पोर्तुगालकडून चीनकडे गेली. नोव्हेंबरात शर्यत झाली, डॅरेन मॅनिंग जिंकला, डिसेंबरात झेंडा बदलला आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा शर्यत झाली. राज्य बदललं, शर्यत नाही. पैसा सरकारचा आणि कॅसिनोंचा आहे हे खरं, पण मार्शल, रुग्णवाहिकेवाले, कठडे लावणारे कामगार हे तिथलेच, कित्येक घरांत बापामागून लेक मार्शल होतो.

कोविडच्या काळातलं उदाहरण घ्या. २०२० ला सीमा बंद, परदेशी चालक येणं अशक्य. दुसऱ्या कुणी शर्यत रद्द केली असती. मकाऊने मुख्य शर्यत फॉर्म्युला ४ वर आणली आणि घरच्या-शेजारच्या पोरांना उतरवलं. २०२० आणि २०२१ ला मकाऊचाच चार्ल्स लिऑंग जिंकला, २०२२ ला मकाऊचाच अँडी चँग. १९५४ सारखीच पुन्हा गावची शर्यत झाली. २०२३ ला बाहेरचे परतले आणि ल्यूक ब्राउनिंग जिंकला.

हैदराबाद-चेन्नईत शर्यत लोकांना नको होती असं नाही. ती त्यांच्याकडे सोपवलीच गेली नाही. पहिल्या वर्षापासून गावातले मेकॅनिक, कॉलेजची मुलं, छोटे क्लब यांना आत घेतलं असतं, आधी त्यांच्या शर्यती आणि मग पाहुण्यांच्या, तर करार मोडताना कुणाला तरी दुखलं असतं.

---

हैदराबादी_मराठी

हे अगदी पटलं. आमच्याकडे रस्ते बंद झाले म्हणून वैतागलेले लोकच जास्त भेटले. त्यांना त्यात काही आपलं वाटावं असं काही नव्हतंच.

---

पुणेरी_पिस्टन

चौगि, पुढच्या नोव्हेंबरात जायचा विचार पक्का होतोय. बसायचं कुठे? लिस्बोआ की सुरुवातीची रेषा?

---

अनुजा_कु

पिस्टन, मी सांगते. पहिल्यांदा जात असाल तर लिस्बोआचा स्टँड. सगळा ताफा समोरून तुमच्याकडे येतो आणि पहिला लॅप तिथेच ठरतो. तिकिटं लवकर काढा, हॉटेल त्याहून लवकर. त्या आठवड्यात मकाऊत खोली मिळत नाही, हाँगकाँगला राहून फेरीने किंवा आता पुलावरून बसने ये-जा करता येते. सराव आणि पात्रतेचे दिवस स्वस्त असतात आणि गर्दीही कमी. कानात घालायला बोळे न्या. आणि सकाळी शर्यत सुरू व्हायच्या आधी दीपस्तंभापर्यंत चढून या, वरून अर्धा रस्ता दिसतो.

---

म्हापसेकर

आणि एक दिवस जास्तीचा ठेवा, मूरिश बराकीसाठी. ग्रां प्रीचं संग्रहालयही आहे, १९९३ पासूनचं, नव्याने मोठं केलंय. जेवणात आफ्रिकन चिकन मागवा; त्यातल्या मसाल्यांचा प्रवास आफ्रिका आणि गोवा अशा बंदरांवरूनच झाला, असं तिथले लोक सांगतात.

---

चौथा_गिअर

किकस्टार्ट, मॅकडोनल्डवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच, मी वाट बघतोय. नटबोल्ट, तुम्हाला एक विनंती: फॉर्म्युला रीजनलची गाडी लिस्बोआला किती आधी ब्रेक मारते आणि जुनी फॉर्म्युला ३ किती, हे ऑनबोर्ड बघून लिहाल का?

---

नटबोल्ट

नक्की. २०२३ आणि २०२४ च्या पात्रता फेऱ्यांचे ऑनबोर्ड शेजारी लावून बघतो आणि रविवारपर्यंत इथेच लिहितो.